हो ची मिन्ह महामार्गाचा पश्चिम फाटा: फोंग न्या ते बुओन मा थुओत

आपल्याकडून व्हिएतनामला जाणारे बहुतेक प्रवासी हनोई, हा लाँग बे, दा नांग, होई आन, सायगाव असा किनारा धरून फिरतात. देशाच्या पश्चिम अंगाला, लाओसच्या सरहद्दीला खेटून, त्रुओंग सोन डोंगररांगेतून एक दुसरा रस्ता जातो. तो हो ची मिन्ह महामार्ग. मे १९५९ मध्ये उत्तर व्हिएतनामच्या सैन्याने ५५९ क्रमांकाचं एक पथक उभं केलं आणि दक्षिणेत माणसं, तांदूळ, दारूगोळा पोचवायचं काम त्याच्याकडे दिलं. आधी सगळं पाठीवरून जायचं. मग हँडलला बांबू बांधून ढकलत न्यायच्या सायकली आल्या. अशा एका सायकलवर दोनशे किलोंच्या वर माल लादत. पुढे ट्रक आले आणि १९६८ पासून पेट्रोलची पाइपलाइनसुद्धा टाकली गेली. पायवाटा, ट्रकरस्ते, बगलरस्ते मिळून हे जाळं १६ ते २० हजार किलोमीटरांचं झालं होतं आणि त्याचा मोठा भाग लाओसमध्ये होता.

आजचा महामार्ग २००० साली बांधायला घेतला, तो व्हिएतनामच्या हद्दीतला. उत्तरेला चीनच्या सीमेजवळच्या पाक बो पासून दक्षिणेच्या टोकाला का माऊपर्यंत आखलेली लांबी ३,१८३ किमी आहे. जुन्या वाटेवर तो सगळीकडे तंतोतंत बसत नाही, पण मधल्या भागात त्याचा पश्चिम फाटा तिच्या अगदी जवळून जातो. वेळ मोजका असेल तर तेवढाच करावा. पूर्व फाटा सपाट आणि रहदारीचा आहे, त्यावर दिवस घालवू नयेत.

युद्धात ही बाजू निवडली ती दाट जंगल, ढग आणि निर्जन दऱ्यांसाठी. विमानातून दिसू नये म्हणून निवडलेला मुलूख आजही पेट्रोल पंप, गाव आणि मोबाइलच्या रेंजपासून लांब आहे. या प्रवासाची सगळी तयारी त्या एका गोष्टीभोवती करावी लागते.

निघण्यापूर्वीची सर्वात महत्त्वाची बाब परवान्याची. आरटीओ देतं ते आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं असतं. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचं मानतं. म्हणजे भारतीय परवान्यावर तिथे मोटारसायकल चालवणं बेकायदा ठरतं. भाड्याने गाडी देणारा काही विचारत नाही, पण अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते आणि दवाखान्याचं सगळं बिल आपल्यावर येतं. २०२५ पासून दंडही बरेच वाढले आहेत. त्यामुळे सरळ चालकासह मोटारसायकल घ्यावी आणि मागे बसावं, किंवा चौघे असाल तर चालकासह कार. हा प्रवास मागच्या सीटवरून केलेला आहे आणि त्यात काहीही कमी पडत नाही. उलट दरीकडे बघायला मान मोकळी राहते.

दुसरी बाब हंगामाची. मध्य व्हिएतनामात सप्टेंबर ते डिसेंबर पाऊस आणि वादळं, तर दक्षिणेकडच्या पठारावर मे ते ऑक्टोबर पावसाळा. दोन्हींना चुकवणारे महिने म्हणजे फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पश्चिम फाट्यावर जाऊच नये. ऑक्टोबर २०२० मध्ये याच रस्त्यावरच्या हुओंग फुंग गावात दरड कोसळून लष्करी तळावरचे २२ जवान गाडले गेले. डोंगर तोच आहे, मातीही तीच आहे.

ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो, एकदा प्रवेशाचे २५ डॉलर. हनोईहून रात्रीच्या रेल्वेने सकाळी डोंग होई.

पहिला दिवस: डोंग होई ते फोंग न्या, ४५ किमी

डोंग होई शहर युद्धात जवळजवळ सपाट झालं होतं. न्यात ले नदीकाठी ताम तोआ चर्चचा फक्त मनोरा उभा आहे, बाकी चर्च बॉम्बहल्ल्यात गेलं. तो तसाच स्मारक म्हणून ठेवला आहे. मनोऱ्याच्या पायाशी भाजीवाल्या बसतात. शेजारच्या टपरीवर 'चाओ कान्ह' मिळतं: तांदळाच्या जाड शेवया, दाटसर रस्सा, वर मासा किंवा डुकराचं मांस आणि कांद्याची पात. सकाळी सात वाजता यासाठी रांग असते.

शाकाहारींनी इथेच एक शब्द पाठ करावा: 'चाय'. 'तोई आन चाय' म्हणजे मी शाकाहारी आहे. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला बरेच बौद्ध लोक स्वतःच शाकाहार करतात, त्यामुळे कल्पना सगळ्यांना कळते. अडचण माशाच्या सॉसची. भाजीत, टोफूवर, सगळीकडे ते पडतं. म्हणून 'खोंग न्यूक माम' हेही सांगायचं. डोंगरात शाकाहारी खाणावळ सापडेलच असं नाही. भात, परतलेली पालेभाजी, टोमॅटोत शिजवलेला टोफू आणि अंडं यांवर दिवस निघतात. शेंगदाण्याची चटणी आणि थालीपिठाची भाजणी बॅगेत असली तर बरंच सुसह्य होतं.

दुपारी फोंग न्या. सोन नदीवर शुआन सोन नावाचा जुना तराफा-घाट आहे. रात्री ट्रक इथून पार व्हायचे, आणि उजाडायच्या आत तरंगत्या पुलाचे तुकडे ओढून नदीतूनच फोंग न्या गुहेत लपवले जायचे. गुहेच्या तोंडावरचा खडक बॉम्बने फुटलेला अजून दिसतो. आज त्याच पाण्यातून पर्यटकांच्या होड्या आत जातात. होडीचं भाडं माणशी नसून होडीमागे असतं; एक-दोघेच असाल तर तिकीट खिडकीपाशी थांबून इतरांबरोबर जोडून घ्यावं.

दुसरा दिवस: वीस क्रमांकाचा रस्ता

हा दिवस गुहांसाठी ठेवतात, आणि थिएन डुओंग गुहा बघण्यासारखी आहेच. ३१ किमी लांब, त्यातला पहिला एक किलोमीटर लाकडी पायवाटेने सर्वांना खुला. पण त्याआधी वीस क्रमांकाच्या रस्त्यावर जावं. हा रस्ता १९६६ मध्ये फोंग न्याहून चुनखडीच्या डोंगरातून लाओसकडे काढला. फोडणाऱ्या मुलामुलींचं सरासरी वय वीस, म्हणून तो आकडा. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये एक गाडी जाईल एवढी फट. विमानांना हे ठिकाण पक्कं ठाऊक होतं, कारण दुसरीकडून वाटच नव्हती.

साडेसोळाव्या किलोमीटरच्या आसपास 'आठ तरुणींची गुहा' लागते. १४ नोव्हेंबर १९७२ रोजी हल्ल्याच्या वेळी रस्ता बांधणारी आठ स्वयंसेवक मुलं या कपारीत शिरली आणि बॉम्बने कड्याचा प्रचंड तुकडा तोंडावर बसला. नाव तरुणींचं असलं तरी त्यांत चार मुलगे आणि चार मुली होत्या. दगड हलवायचं यंत्र त्या रस्त्यावर आणणं शक्य नव्हतं. समोरच्या मंदिरात लोक उदबत्त्यांबरोबर कंगवे, आरसे, साबण ठेवतात. विशीतल्या मुलींना लागणाऱ्या वस्तू. थान्ह होआहून बसभर आलेल्या म्हाताऱ्या बायका तिथे होत्या, त्या काळात स्वतः रस्त्यावर राबलेल्या. एकीने हाताच्या मुठी आवळून दगड फोडायची हातोडी कशी धरत ते दाखवलं आणि मग जवळच्या सगळ्यांना पिशवीतून रताळ्याचे वाळवलेले काप वाटले. या भागात त्याला 'खोआइ देओ' म्हणतात. चामट, गोड, आणि प्रवासात न बिघडणारा. फोंग न्याच्या बाजारातून अर्धा किलो घेऊन ठेवावा, पुढच्या दिवशी उपयोगी पडतो.

मंदिरात गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. याच रस्त्याने पुढे लाओस सरहद्दीकडे जाऊ देत नाहीत.

तिसरा दिवस: फोंग न्या ते खे सान्ह, साधारण २३५ किमी

सगळ्या प्रवासातला हा दिवस. सकाळी साडेसहाला निघायचं.

आधी गणित. इथे चालकांकडे बहुधा ११० सीसीची होंडा वेव्ह असते. तिची टाकी पावणेचार ते चार लिटरची. दोन माणसं, सामान आणि घाट धरून लिटरला पंचेचाळीस-पन्नास किमी पडतात. म्हणजे भरलेली टाकी १७० ते २०० किमी चालते आणि अंतर आहे २३५. मध्ये दोन-तीन वस्त्यांमध्ये बाटलीतलं पेट्रोल मिळतं, पण दुकान बंद असलं तर संपलं. म्हणून दोन लिटरचा जादा डबा हवाच. मोठी १५० सीसीची गाडी असेल, जिची टाकी बारा लिटरची, तर हा प्रश्न येत नाही. भाडं थोडं जास्त द्यावं लागलं तरी पुढच्या वेळी तीच घ्यावी.

चालकाने निघण्यापूर्वी गाडी अशी तपासली: साखळी अंगठ्याने वर ढकलून ढील बघितला, दोन-अडीच सेंटिमीटर ठेवला, मागच्या ड्रम ब्रेकचा नट अर्धा फेरा आवळला, चाकाचे स्पोक एकेक करून वाजवले, एक बद्द वाजला तो ताणला. सीटखाली दोन ट्यूब, पंप, टायरकाढणी, प्लग आणि अर्धा लिटर ऑइल. टायर दोन मापांचे असतात, पुढचा ७०/९०-१७ आणि मागचा ८०/९०-१७, त्यामुळे ट्यूबही दोन वेगवेगळ्या लागतात. सामान बांधायला जुन्या ट्यूबच्या कापलेल्या लांब पट्ट्या. या पट्ट्या बाजारात कुठेही मिळतात आणि हुकवाल्या दोरीपेक्षा घट्ट बसतात. बॅग प्लास्टिकच्या गोणीत घालून मगच बांधावी.

फोंग न्या सोडल्यावर थोड्याच वेळात खे गात. रस्ता अचानक रुंद आणि पट्टीने आखल्यासारखा सरळ होतो. ही युद्धातली लपवलेली धावपट्टी. १९ एप्रिल १९७२ रोजी इथून दोन मिग-१७ लढाऊ विमानं उडाली आणि डोंग होईच्या समुद्रात उभ्या असलेल्या अमेरिकी युद्धनौकांवर त्यांनी बॉम्ब टाकले. त्यात 'हिग्बी' या विनाशिकेची मागची तोफ उद्ध्वस्त झाली. महामार्ग त्याच धावपट्टीवरून काढला आहे. फलक लहान आहे, वेगात निघून जातो.

इथून पश्चिम फाटा जंगलात शिरतो आणि रस्ता डांबरी राहत नाही, सिमेंटचा होतो. पावसात डांबर वाहून जातं म्हणून मुद्दाम ओतलेल्या लाद्या. रुंदी एवढीच की समोरून ट्रक आला तर मोटारसायकलने कडेला थांबायचं. कोरडा असताना यासारखा सुंदर रस्ता नाही. ओला झाला की गोष्ट वेगळी. उत्तरेकडच्या उतारांवर, जिथे दिवसभर ऊन पोचत नाही, सिमेंटवर हिरवट काळा थर असतो, कोकणातल्या पाखाडीवर आषाढात असतो तसाच. वळणावर डोंगरातून झिरपणारं पाणी बारीक गाळ आणून पसरतं. गाड्या घसरतात त्या इथे, वेगामुळे नव्हे तर वळणात पुढचा ब्रेक दाबल्यामुळे. वळणाआधी वेग कमी करायचा, दुसऱ्या गिअरवर इंजिनला गाडी धरू द्यायची आणि चाकाच्या रेषेतच राहायचं, कारण थर मधोमध जास्त जाड असतो. लांब उतारावर सतत मागचा ब्रेक दाबून ठेवला तर ड्रम तापून ब्रेक लागेनासा होतो. जळका वास आला की थांबून पंधरा मिनिटं गार होऊ द्यावा. पाणी ओतू नये.

उ बो घाट चढताना झिमझिम सुरू झाली. मार्चमध्ये हा बारीक पाऊस असतोच, पाच-सहा अंशांनी हवा गार होते. वर पोचल्यावर धुक्यात काहीच दिसत नाही, फक्त गिबन माकडांची हाक दरीतून वर येते, एक लांबत जाणारा चढा सूर, आणि दुसऱ्या डोंगरावरून तिला उत्तर. दोन तासांत समोरून आलेली वाहनं बोटांवर मोजण्याइतकी. अमेरिकेने १९६७ ते १९७२ दरम्यान या डोंगरांवर ढगांत रसायनं फवारली, पावसाळा लांबावा आणि ट्रकांचे रस्ते चिखलात बुडावेत म्हणून. इथल्या पावसात तासभर काढल्यावर ती कल्पना कोणाला का सुचली ते कळतं.

दुपारी वस्ती लागली. ब्रू-वान कियू लोकांची घरं, लाकडी खांबांवर उचललेली, खाली कोंबड्या आणि सरपण. हे लोक आणि शेजारचे पा को, दोघांनीही हो ची मिन्ह यांच्यावरून 'हो' हे आडनाव घेतलं आहे. दुकानाच्या दारात लाकडी फळीवर पाण्याच्या बाटल्यांत पिवळसर पेट्रोल भरून ठेवलेलं. चालकाने 'चि ओई!' अशी हाक दिली, ताई म्हणावं तशी. मालकीणबाई पाठीवर बाळ बांधून आल्या. बाटली उघडून आधी वास घेऊ दिला, मग टाकीत कापलेल्या शीतपेयाच्या बाटलीचं नरसाळं घालून, त्यावर जुन्या कापडाची घडी ठेवून हळूहळू ओतलं. कापडावर तळाला गंजाचे कण राहिले. ही घडी महत्त्वाची. ते कण कार्ब्युरेटरमध्ये गेले की पुढच्या चढावर गाडी धापा टाकते. पंपापेक्षा लिटरमागे पाच-दहा हजार डोंग जास्त घेतात, ते योग्यच आहे. मग त्यांनी चुलीवरचा चिकट भात आणि तीळमीठ पुढे केलं आणि पैसे घ्यायला ठाम नकार दिला. अशा ठिकाणी बाळासाठी बिस्किटांचा पुडा हातात देता येतो.

पुढे सा मू घाट आणि त्यानंतर हुओंग फुंग. जंगल संपून एकाएकी कॉफीचे मळे सुरू होतात, टेकड्यांवर पवनचक्क्या. इथे अरेबिका पिकते. टपरीवर कॉफी मागवली की पेल्याच्या तळाला घट्ट गोड दूध, वर ठेवलेली टिनची छोटी गाळणी, आणि थेंब थेंब पडणारी कॉफी. पाच-सात मिनिटं लागतात. घाई करून गाळणी दाबू नये, कडवट होते.

संध्याकाळी साडेपाचला खे सान्ह. म्हणून सकाळी साडेसहाहून उशीर नको. अंधारात या रस्त्यावर दिवे नाहीत आणि म्हशी सिमेंटच्या उबेला रस्त्यातच बसतात. रेंज बहुतेक वेळ नसते. जिथे आहे तिथे व्हिएटेलची असते, ही लष्कराच्या मालकीची कंपनी. सिम तेच घ्यावं आणि नकाशे आधीच उतरवून ठेवावेत.

चौथा दिवस: खे सान्ह ते आ लुओई, साधारण १०० किमी

सकाळी ता कोन धावपट्टी. जानेवारी १९६८ पासून ७७ दिवस इथल्या अमेरिकी मरीन तळाला वेढा होता. आता लाल मातीची एक पट्टी, विमानं, रणगाडे, वाळूच्या पोत्यांचे बंकर आणि एक लहान संग्रहालय. भोवती कॉफी. दीड तास पुरतो. आवारात जुनी पदकं, ओळखपट्ट्या विकणारे येतात. बहुतेक नकली असतात.

एक सूचना गांभीर्याने घ्यावी. क्वांग त्री हा देशात न फुटलेल्या बॉम्बांनी सर्वाधिक भरलेला प्रांत आहे. रस्ता, अंगण, वहिवाटीची पायवाट सोडून आत जाऊ नये, लघुशंकेलासुद्धा नाही. गंजलेला गोळा दिसला तर हात लावू नये, लाथ मारू नये.

नऊ क्रमांकाच्या महामार्गाने खाली उतरून डाकरोंगचा तारांनी तोललेला पूल ओलांडायचा आणि उजव्या हाताच्या नदीबरोबर दक्षिणेकडे निघायचं. पहिला पूल क्यूबाच्या मदतीने बांधला होता, तो १९९९ मध्ये पडला, आताचा त्यानंतरचा.

आ लुओईची दरी लांब, सपाट, दोन्हीकडे डोंगर. युद्धाच्या बातम्यांत हिचं नाव आ शाऊ होतं. मे १९६९ मध्ये दहा दिवस ज्या टेकडीसाठी लढाई झाली ती आप बिया, उंची ९३७ मीटर, अमेरिकी सैनिक तिला 'हॅम्बर्गर हिल' म्हणाले. टेकडी जिंकल्यावर काही आठवड्यांतच ती सोडून दिली. वर चढायचं तर स्थानिक वाटाड्या घ्यावा. दरीवर एजंट ऑरेंज हे झाडांची पानं झडवणारं रसायन फवारलं गेलं, आणि आ सो इथल्या जुन्या विमानतळावर त्याचे पिंप साठवत असल्याने तिथल्या मातीत त्यातलं डायॉक्सिन हे विष राहिलं. गावकऱ्यांनी आणि वनतज्ज्ञांनी त्या जागेभोवती काटेरी 'बो केत'ची झाडं लावली: गुरं आणि मुलं आत जाऊ नयेत म्हणून कुंपण, आणि शेंगा विकून थोडं उत्पन्न. समोरचे डोंगर हिरवे दिसतात, पण नीट बघितलं तर बऱ्याच ठिकाणी ते जंगल नसून गवत आणि लावलेलं बाभूळ आहे. जुनं जंगल परत आलेलं नाही.

ता ओई जमातीच्या बायका इथे 'झेंग' विणतात. माग जमिनीवर, पाय ताणून त्यालाच तो अडकवलेला, आणि कापड विणता विणताच त्यात बारीक मणी गुंफले जातात. एका बाईंनी मणी कसा ओवतात ते सावकाश तीनदा करून दाखवलं: सुतावर आधीच ओवलेले मणी नखाने मोजून हवे तिथे सोडायचे, नक्षी कुठेही काढलेली नाही, सगळी डोक्यात. मोठ्या कापडाला महिना-दोन महिने जातात. घासाघीस करू नये. 'आ क्वात' नावाचे चिकट भाताचे शिंगाच्या आकाराचे मुटके पानात बांधून मिळतात, जोडीनेच बांधतात. शाकाहारी आहेत आणि दुसऱ्या दिवशीही टिकतात.

मुक्कामाला 'न्या न्घी' पाटीची साधी लॉज. अडीच ते साडेतीन लाख डोंगात खोली. एक लाख डोंग म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या आसपास. पासपोर्ट नोंदणीसाठी घेतात, सीमाभाग असल्याने तो मूळच लागतो.

पाचवा दिवस: आ लुओई ते खाम डुक, दोनशेहून थोडे जास्त किमी

आ रोआंगचे दोन बोगदे, मग प्राओपर्यंत शंभर किलोमीटर जंगल. बोगद्यांत दिवे भरवशाचे नाहीत. गॉगल आधी काढून ठेवावा. पेट्रोल आ लुओईत आणि प्राओत. प्राओला को तू लोकांचं 'ग्वोल' म्हणजे सामाईक घर बघावं: मधला एकच जाड खांब, तुळयांवर म्हशी, सरडे, कोंबडे कोरलेले. जेवण तिथेच उरकावं, पुढे पर्याय कमी.

थान्ह मीला पूर्व आणि पश्चिम फाटे एकत्र येतात आणि ट्रक दिसू लागतात. खाम डुक हे वळणावरचं गाव. १२ मे १९६८ रोजी इथला तळ खाली करताना गावकऱ्यांनी भरलेलं सी-१३० विमान पाडलं गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं मेली. धावपट्टीची जागा गावातच आहे.

इथे ऑइल बदलून घ्यावं. छोट्या होंडाला पाऊण-एक लिटर लागतं आणि डोंगरात हजार किलोमीटरला बदललेलं बरं. 'सुआ शे' पाटी म्हणजे दुरुस्ती. बाटली आपल्यासमोर फोडायला सांगावी, एवढंच.

सहावा दिवस: खाम डुक ते कोन तुम, साधारण १६० किमी

लो शो घाट. न्गोक लिन्ह डोंगराच्या पायथ्याची वळणं, पावसाळ्यात दरडींनी हमखास बंद पडणारी. रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर सकाळी नवाच्या आधी निघू नये. कोन तुमहून येणारी पहिली बस खाम डुकला पोचली की रस्ता मोकळा आहे हे कळतं, आणि लॉजवाल्याला त्या बसची वेळ ठाऊक असते. ट्रक इथे मधली रेषा सोडून वळण घेतात. प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न.

घाट उतरला की हवा बदलते. ढग मागे राहतात, कोरडं ऊन, लाल माती, रबर आणि कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद. न्गोक होईहून बो यीच्या बाजूला जाऊन तीन देशांच्या सीमेचा तीन बाजूंचा ग्रॅनाइटचा खांब बघता येतो, १,०८६ मीटर उंचीवर. सीमा चौकीत पासपोर्ट दाखवून. डाक तोची जुनी अमेरिकी धावपट्टी मात्र चुकवू नये. गावकरी तिच्यावर कसावाचे काप वाळत घालतात. डांबर दुपारी तापतं, दोन-तीन दिवसांत काप कडकडीत होतात, मग लाकडी फावड्याने ओढून पोत्यांत भरतात. एवढी मोठी, सपाट, तापणारी जागा आसपास दुसरी नाही. मधून कोणी गाडी घातलीच तर काप चिरडतात. कडेने चालत जावं.

कोन तुमला डाक ब्ला नदी, १९१३ ते १९१८ मध्ये बांधलेलं लाकडी चर्च आणि बानार लोकांची उंच छपराची 'रोंग' घरं. रविवारी पहाटेची प्रार्थना बानार भाषेत होते. रात्री 'गोई ला': चाळीस-पन्नास प्रकारचा कोवळा पाला ताटात. बाहेर मोहरीचं रुंद पान, आत दोन-तीन आंबट-तुरट पानं, गुंडाळून द्रोण करायचा, त्यात मांसाचा तुकडा किंवा टोफू, एक मिरीदाणा, मिठाचा खडा, हिरवी मिरची आणि वर आंबवलेल्या भाताची दाट चटणी. द्रोण एका घासात खायचा, अर्धा चावला तर सगळं हातावर येतं.

पुढे: प्लेइकू, बुओन मा थुओत

कोन तुम ते प्लेइकू ४८ किमी, तिथून बुओन मा थुओत साधारण १८० किमी. हा जुना चौदा क्रमांकाचा महामार्ग: कंटेनरचा, धुळीचा. प्लेइकूत दोन वाडग्यांतला कोरडा फो खावा, एका वाडग्यात शेवया आणि दुसऱ्यात रस्सा. बुओन मा थुओत ही रोबस्टा कॉफीची राजधानी. १० मार्च १९७५ रोजी या शहरावर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते पडलं आणि पन्नास दिवसांत युद्ध संपलं. चौकातल्या स्मारकावर रणगाडा आहे, भोवती सहा रस्त्यांची रहदारी.

चालक इथून परततात. त्यांचा परतीचा पेट्रोलखर्च आणि दोन रात्रींचा मुक्काम ठरवतानाच दरात धरलेला आहे की नाही हे फोंग न्यालाच विचारून घ्यावं, शेवटच्या दिवशी वाद नको. सायगाव अजून ३५० किमी. स्लीपर बस रात्री निघून पहाटे पोचवते. खालची बर्थ मागावी, वळणांवर वरची फार हलते.

नकाशाबद्दल एक. जुलै २०२५ मध्ये प्रांत ६३ वरून ३४ झाले आणि जिल्हास्तर रद्द झाला. फोंग न्या आता क्वांग त्रीत आहे, खाम डुक दा नांगमध्ये, कोन तुम क्वांग न्गाईत. पाट्या, बसच्या काचा आणि माणसं अजून जुनीच नावं वापरतात. लॉजचं बुकिंग करताना प्रांताच्या नावावर न जाता गावाचं नाव आणि महामार्गाच्या दगडावरचा किलोमीटर सांगितला की चालक नेमका दारात आणून सोडतो.